गिळलं तर औषध

आमच्या घरात अंडं कधी शिजलं नाही. प्यायलं मात्र गेलं, आणि तेही गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माझ्या आईनं. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग डोळे मोठे करून विचारतात, कच्चं? त्यानंतर दोनपैकी एक प्रश्न ठरलेला. एक तर ‘शी, वास नाही आला?’ नाहीतर ‘पण ते चांगलं असतं का गं?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. येतो, लई येतो, मी स्वतः पिऊन बघितलंय. दुसऱ्या प्रश्नापायी मात्र मी एक अख्खा उन्हाळा सगळ्या औरंगाबादचं डोकं खाल्लं होतं. तेव्हा ते औरंगाबादच होतं.

बहात्तरचा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते आणि जगात जे काही आहे त्याला ‘का?’ विचारायचा परवाना मिळाल्यासारखी वागत होते. वडील एस.टी.त कंडक्टर. सोयगावच्या मुक्कामाच्या गाडीवर त्यांची ड्यूटी असायची, त्यामुळं घरात बहुतेक वेळ आई आणि मी. वडील बाहेर मटण खायचे आणि घरी येताना बडीशेप चघळत यायचे. आईला ते कळायचं. ती फक्त तांब्याभर पाणी पुढं करायची आणि म्हणायची, “चूळ भरा आधी.” ती स्वतः देवगाव रंगारीच्या माळकरी घरातली. अंडं तर सोडाच, अंड्याची टोपली घेतलेली बाई गल्लीतून गेली तरी ती पदर नाकाला लावायची.

आणि देवाची गंमत बघा, आमच्या अंगणाच्या भिंतीपलीकडंच खालाच्या कोंबड्या. भिंतीत एक लहान दार होतं. कडी दोन्हीकडून होती, पण लावलेली मी कधी पाहिली नाही. खाला म्हणजे पलीकडच्या घरातली मोठी बाई, आईपेक्षा चार-पाच वर्षांनी थोरली. आई तिला भाबी म्हणायची. खालाला सालं-तारखा ठाऊक नव्हत्या. तिचं सगळं एक तर ‘ॲक्शन के पहले’ नाहीतर ‘ॲक्शन के बाद’. तिचं लग्न, गल्लीतला नळ, तिच्या कोंबड्यांची पणजी, सगळ्याची मोजणी निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनपासून. आमच्याशी मराठी बोलायची आणि चिडली की दख्खनीवर यायची, म्हणजे दिवसातून बराच वेळ दख्खनीवर असायची.

त्या वर्षी आईला खोकला लागला. संध्याकाळी अंग तापायचं, सकाळी उतरायचं. ती म्हणायची, “उन्हाचं हाय.” थंडी पडली तरी उन्हाचंच होतं. शेवटी वडिलांनी रजा टाकून सरकारी दवाखान्यात नेलं, छातीचा फोटो काढला आणि निघाला टीबी. डॉक्टर तरुण होते, भराभर बोलायचे. सुया लिहून दिल्या, गोळ्या लिहून दिल्या, आणि वर म्हणाले, “औषध रोगाला मारेल, पण शरीरात काही भरायला नको का? बाईंना दूध द्या, डाळी द्या, अंडी द्या. वजन वाढलं पाहिजे. असंच घटत राहिलं तर टीबीच्या वॉर्डात ठेवून घ्यावं लागेल.”

वॉर्ड म्हटल्याबरोबर आईनं माझा हात धरला. तिची थोरली बहीण अशीच एकदा वॉर्डात गेली होती, ती चालत परत आली नाही. त्यात वॉर्डाचा काय दोष, तिला नेलंच होतं उशिरा. पण आईच्या डोक्यात हिशेब पक्का बसला होता. वॉर्ड म्हणजे संपलं. त्या दिवसापासून आमच्या घराचा जीव दवाखान्यातल्या त्या लोखंडी वजनकाट्यावर टांगलेला होता.

दूध सुरू झालं. डाळ, शेंगदाणे, मटकी, सगळं सुरू झालं. अंड्याचं नाव काढलं की आई भिंतीकडं तोंड करून झोपायची. तेवढ्यात देवगावहून मामा आले. मामा आईचे थोरले भाऊ, तरुणपणी तालमीतले नावाजलेले पैलवान, आणि तेही माळकरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “अंडं ना? मी घेतलंय की. तालमीत असताना रोज घ्यायचो. कच्चं. दुधात फोडून.”

“आणि माळ?” आई एकदम उठून बसली.

“माळेला काय झालं? चावलं तर खाणं. गिळलं तर औषध.”

मला हसू आवरेना. मी म्हटलं, “मामा, मग मटणाचा रस्सा पण गिळायचाच असतो की.” मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले. पण आईला ते पटलं. नुसतं पटलं नाही, तिनं ते धरून ठेवलं. भाऊ माळकरी, भाऊ पैलवान, भावानं केलंय. यापेक्षा मोठं कोर्ट तिला नव्हतं.

मग तिनं स्वतःच त्याचे नियम बांधले. अंडं आपल्या घरात येणार नाही. खालाच्या अंगणात जायचं, तेही सकाळी आंघोळीच्या आधी, म्हणजे नंतरच्या आंघोळीनं सगळं धुऊन निघतं. तिथं बसायचं नाही, बसलं की जेवण होतं. उभ्यानं घ्यायचं. माळ पाठीवर सरकवायची, अंडं तिच्यासमोरून जायला नको. नाक चिमटीत धरायचं, डोळे मिटायचे आणि एका घोटात खाली. वर तुळशीचं पान. आईसाठी खालानं एक पितळी पेला वेगळा ठेवला होता. आईला वाटायचं, आपला सोवळेपणा भाबीनं किती सांभाळला. खाला मात्र तो पेला रोज उकळत्या पाण्यात टाकायची, कारण तिच्या घरात लहान लेकरं होती आणि आईला टीबी होता. दोघींना ते ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण पेल्यावरून कधी वाकडा शब्द झाला नाही.

पहिल्या दिवशी मी बाजूला उभी होते. खालानं अंडं कानाशी हलवून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं, मग पेल्याच्या काठावर टक्. पांढरं घरंगळत आलं आणि मागून पिवळा गोळा धप्पकन पडला. आईनं तो घेतला. घेतला म्हणजे काय, अंगावर काटा येऊन घेतला. मान मागं, घशाचा एक मोठा हेलकावा, आणि नंतर ती पिंपळाच्या पानासारखी थरथरत उभी. डोळ्यांत पाणी. खाला म्हणाली, “शाबास मेरी शेरनी.” आई सरळ न्हाणीत गेली.

हे महिनाभर चाललं. दवाखान्यात काट्यावर उभी केली तर वजन होतं तिथंच, उलट जरासं खालीच. डॉक्टरांनी भुवया वर केल्या, पुढच्या वेळी बघू म्हणाले. आणि माझं डोकं फिरलं. अंड्यात प्रथिनं असतात, हे पुस्तकात छापलंय. अंडं पोटात जातंय, हे मी डोळ्यांनी बघतेय. मग ती प्रथिनं जातायत कुठं?

सगळ्यात आधी मी स्वतः एक कच्चं अंडं पिऊन पाहिलं. तुम्ही घेतलं नसेल तर घेऊ नका. वासाचं सोडा, ते घशात जातं आणि मध्येच थांबतं, जणू त्याला अजून ठरवायचंय की जायचं की परत यायचं. दिवसभर ढेकरा. पण त्यातून मला कळलं काय? काही नाही. माझं वजन कुणी करत नव्हतं.

मग कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडम. त्या लंगडी घालणाऱ्या पोरीसारख्या वर्गात इकडून तिकडं उड्या मारत शिकवायच्या, मला फार आवडायच्या. मी विचारलं, “मॅडम, कच्चं अंडं जास्त ताकदीचं की शिजवलेलं?” त्या म्हणाल्या, “लोकांना वाटतं कच्चं. शिजवलं की सत्त्व जातं असं वाटतं ना? पण कच्च्या पांढऱ्यातलं प्रथिन गुंडाळलेलं असतं गं, लोकरीच्या गुंड्यासारखं. पोटातल्या पाचक रसाला टोकच सापडत नाही. उष्णता दिली की गुंडा सुटतो, मग पचतं. कच्चं अगदीच वाया जातं असं नाही, पण बरंचसं तसंच पुढं निघून जातं. आणि कच्च्या पांढऱ्यात एक पदार्थ असतो, तो एका जीवनसत्त्वाला धरून बसतो, अंगाला लागू देत नाही. एखाद्या वेळी घेतलं तर काही नाही. रोज रोज कशाला?”

मला ते पटलं, पण ऐकलेलं पटलं म्हणून गप्प बसायचा माझा स्वभाव नाही. मी खालाकडून दोन अंडी आणली. एक कच्चं, एक तिनं उकडून दिलेलं. प्रयोगशाळेत दोन नळ्या घेतल्या, दोन्हींत पाचक रस घातला, कोमट पाण्यात ठेवल्या आणि बघत बसले. उकडलेल्या पांढऱ्याचा तुकडा हळूहळू कडेनं काचेसारखा व्हायला लागला, झिजायला लागला. मी खूश. मग दुसऱ्या नळीकडं पाहिलं. कच्चं पांढरं मुळातच काचेसारखं. ते पचलं की नाही, हे दिसणार कसं? कपाळ माझं! एवढा खटाटोप करून मी जे बघायला बसले होते ते दिसणारच नव्हतं. मॅडम पोट धरून हसल्या. त्यांच्यामागं मीही हसले, पण घरी जाताना रडू येत होतं. आईकडं तेवढा वेळ आहे का, हेच कळत नव्हतं.

मी घरी येऊन आईला सांगितलं. लोकरीचा गुंडा सांगितला, सुटलेला गुंडा सांगितला. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “उकडलेलं चावावं लागतंय.”

झालं. सगळं शास्त्र त्या एका वाक्यावर येऊन आपटलं.

मग उन्हाळा चढला. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. खालाच्या कोंबड्या सावलीसाठी नाल्याच्या मोरीत जाऊन बसायच्या, तिथंच अंडी घालायच्या. खाला ती पुसून ठेवायची. मी हुशारी करून ती पाण्यात टाकून बघायची. तरंगलं की जुनं, बुडालं की ताजं. त्या दिवशीचं अंडं सरळ तळाला गेलं. मीच म्हटलं, “घे, चांगलं हाय.” दुसऱ्या दिवशी दुपारपासून आईला उलट्या. मग जुलाब, मग असा ताप की भाकरी भाजावी. वडील ड्यूटीवर. मी आणि खालानं तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. खालानं बुरखाही उलटा घातला होता, ते आम्हाला तिथं पोचल्यावर कळलं.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. काय खाल्लं, काय प्यायलं, विचारलं. मी अंड्याचं सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. “कच्चं? कच्चं कुणी सांगितलं? मी अंडी म्हणालो होतो, उकडून!” मी म्हटलं, “ताजं होतं, पाण्यात टाकून बघितलं होतं.” ते म्हणाले, “पाण्यात टाकल्यावर जुनं-नवं कळतं, जंतू कळत नाहीत. टरफलावर कोंबडीची घाण असते, कधी जंतू आतूनच आलेले असतात. धडधाकट माणूस एखाद्या वेळी पचवून जाईल, त्याला काही होणार नाही. तुमच्या आईंच्या अंगात आहे काय लढायला?” मग जरा खाली बसून म्हणाले, “अंड्यानंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पाणी असेल, आणखी काही असेल. पण कच्चं बंद. आजपासून बंद.”

चार दिवसांनी सोडलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. वजन पार उतरलं होतं. महिन्याभरात वाढलं नाही तर टीबीचा वॉर्ड, आता दुसरा इलाज नाही, म्हणाले.

आणि आई? आई टांग्यात बसल्या बसल्या म्हणाली, “सुटले बाई. डॉक्टरांनीच बंद सांगितलं.”

मला जो राग आला तो अजून आठवला की कानशिलं तापतात. घरी पोचेपर्यंत दम धरला. दारात पाय ठेवला आणि मी सुटले. “सुटलीस? कशातून सुटलीस? त्यांनी कच्चं बंद सांगितलं, अंडं नाही! तुला मरायचंच असंल तर सरळ सांग. मामांनी सांगितलं म्हणून विष पण गिळशील, पण पोरीनं सांगितलेलं चावायचं म्हटलं की तुझा देव आडवा येतो! तू गेलीस तर ती माळ काय मी चाटू?”

आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती खाटेवर बसली आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. वडील तोवर आले होते, दारातच उभे होते. त्यांनी खांद्यावरची तिकिटांची पेटी उतरवली आणि मला म्हणाले, “बास. आता काय करायचं ते तिला ठरवू दे.” आणि आईला म्हणाले, “मी तुला काय सांगू? माझं तोंड हाय का सांगायला.” ते एवढंच बोलले आणि बडीशेपेची पुडी खिशातून काढून कोनाड्यात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक तडजोड काढली. उकडलेलं अंडं कुस्करून दुधात कालवायचं, म्हणजे चावायला नको, गिळता येईल. नियमही राहतो, प्रथिनही सुटतं. मला वाटलं, मी मामांवर कडी केली. खालानं अंडं उकडलं, वाटीत बारीक कुस्करलं. आई आली, उभी राहिली, माळ पाठीवर सरकवली, नाक धरलं आणि पेला तोंडाला लावला. पिवळ्याचा भुगा तिच्या घशात बसला. तिला ठसका लागला. साधा ठसका नव्हे, टीबीच्या माणसाचा ठसका. ती वाकली, भिंतीला धरलं, चेहरा काळानिळा झाला. खाला तिच्या पाठीवर थापा मारत ओरडत होती, “या अल्ला, ये कायकू करते तुम लोगां? इंसान के जैसा खाव ना!”

ठसका थांबला. आई तशीच भिंतीला टेकून राहिली, कपाळावरून घाम निथळत होता. मला वाटलं आता ती दारातून आमच्याकडं जाईल आणि पुन्हा कधी येणार नाही. मी काही म्हणायला तोंड उघडलं तर खालानं माझा दंड असा दाबला की दोन दिवस काळं पडलं होतं.

आई गेली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं. पाठीवरची माळ हातानं पुढं ओढली, डोक्यावरून काढली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. मग खालाच्या चुलीपुढच्या पाटावर, जिथं ती कधी टेकली नव्हती, तिथं मांडी घालून बसली.

“भाबी, एक अख्खं द्या,” ती म्हणाली. “आन् मीठ द्या.”

खालानं गरम अंडं सोललं, उभं चिरलं, मीठ लावलं, वर काळी मिरी भुरभुरली. बशी पुढं केली. आईनं नाक धरलं नाही. एक फोड उचलली, तोंडात घातली आणि चावली. हळूहळू, पूर्ण. पुढं कितीतरी वर्षं मी आईला जेवताना पाहिलं, सणाच्या ताटावर पाहिलं, माझ्या लग्नात पाहिलं, पण तसं खाताना पुन्हा पाहिलं नाही. सगळं लक्ष तोंडातल्या घासावर. मध्येच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी घाबरून विचारलं, “काय झालं? नको असंल तर राहू दे.”

“लई चांगलं लागतंय गं,” आई म्हणाली. “एवढं चांगलं लागंल असं वाटलं नव्हतं मला.” तिनं दुसरी फोड उचलली. “औषध बिवषध काय नाय हे. मी खाल्लंय. देवानं विचारलं तर त्याला असंच सांगीन, खाल्लं म्हणून. जगायचं होतं मला, म्हणून खाल्लं.”

खाला दुसरं अंडं सोलायला लागली.